साफ झाली का?

लोहाऱ्यात दोन माणसं भेटली की ‘राम राम’ म्हणतात. आमच्या लिंगायत गल्लीत ‘शरणार्थ’ म्हणतात. सर ‘साफ झाली का?’ असं विचारायचे. सकाळी विचारायचे, लग्नाच्या पंगतीत विचारायचे, मयताच्या घरी बसायला गेले तरी विचारायचे. एकदा नव्यानं आलेल्या तहसीलदारांच्या सत्कारात स्टेजवर हार घालता घालता त्यांनी साहेबांना तेच विचारलं. साहेबांना वाटलं, गटारांची चौकशी चाललीय. ते माईकवरून म्हणाले, “होईल, या पावसाळ्याच्या आत नक्की होईल.” सर काळजीनं म्हणाले, “इतके दिवस तुंबवून ठेवू नका साहेब, तब्येत बिघडती.”

सर इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि आमच्या घरात भाड्यानं राहायचे. घरामागं परस, परसात एका अंगाला म्हशीचा गोठा, दुसऱ्या अंगाला सरांची पत्र्याची खोली आणि मधे सगळ्यांना मिळून एकच संडास. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. म्हणजे दिवसा ते वर्गात आणि संध्याकाळी परसात, सुटका कुठंच नव्हती. फक्त तो प्रश्न मला त्यांनी कधी विचारला नाही. विद्यार्थिनीला विचारायचा नाही, एवढा एकच शिष्टाचार त्यांना माहीत होता.

ते मूळचे परंडा तालुक्यातल्या सोनारीचे. सोनारीत काळभैरवाचं देऊळ आहे आणि देवळाच्या आसऱ्यानं माकडंच माकडं. “म्या माकडांत वाढलो, म्हणून स्टाफरूममधी मला परकं वाटत न्हाय,” हे ते स्टाफरूममध्येच बसून सांगायचे. प्राचार्य सगळ्यात मोठ्यानं हसायचे, कारण त्यांना वाटायचं हे बाकीच्यांबद्दल आहे. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत काही वर्षं काढून, आतड्याच्या कॅन्सरमधल्या मायक्रो आरएनएवर पीएच.डी. करून सर गावाकडं परत आले होते. एवढं शिकलेला माणूस लोहाऱ्यात कशाला येईल, हे गावाला कळेना. मग गावानं आपल्या परीनं कारणं काढली: कुणी म्हणे भांडण, कुणी म्हणे बाई, कुणी म्हणे डोक्यावर परिणाम. तिसरं कारण बहुमतानं मंजूर झालं होतं.

त्याला पुरावेही सर भरपूर पुरवायचे. कुणाच्याही घरी गेले की सरळ स्वयंपाकघरात जाऊन पिठाची चाळणी बघायचे. कोंडा काढून टाकणारं घर त्यांच्या लेखी बुडालेलं. आमच्या अव्वाची, म्हणजे माझ्या आईची, चाळणी तर त्यांनी उचलूनच नेली आणि ती पाण्याच्या बादलीत टेकवून तिच्यात बेडकाची पिल्लं पाळली. अव्वा चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिनं तशाच बिनचाळलेल्या पिठाची भाकरी त्यांच्या पुढ्यात आदळली. सरांनी ती चावून चावून खाल्ली आणि म्हणाले, “आता ही भाकरी उद्या सकाळी तुमाला दुवा देईल.”

आमचे अप्पा भुसार दुकान चालवायचे. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, बोलणं मोजकं, चिडले की अर्धं कन्नडात. त्यांना सरांचा तो प्रश्न म्हणजे रोजचा अपमान वाटायचा. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना सर सायकलवरून जाता जाता ओरडत, “अप्पा, साफ झाली का?” अप्पा वजनाच्या काट्याकडं बघत बसायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, “अप्पा, मास्तर इचारायलेत.” “त्येला काय कळतंय,” अप्पा म्हणायचे आणि उरलेला राग तुरीच्या पोत्यावर काढायचे.

आता मायक्रो आरएनए. पुस्तकात त्यावर दीड पान होतं आणि त्या दीड पानातून कुणाला काडीचंही कळत नव्हतं. एके दिवशी वर्गात सरांनी पुस्तक मिटलं.

“उमरग्याला कशानं जाताव?”

“जीपनं.”

“जीप कोण थांबवतं?”

“ड्रायव्हर.”

“खुळे हाव सगळे. ड्रायव्हरला मागचं काय दिसतंय? क्लीनर थांबवतो!”

आमच्याकडच्या जीपला मागं लटकलेला क्लीनर असतो. त्यानं पत्र्यावर एक थाप मारली की गाडी थांबते, दोन मारल्या की सुटते. सर म्हणाले, पेशीतला डीएनए म्हणजे जीपचा मालक, तो घर सोडत नाही. त्याचा हुकूम घेऊन जो आरएनए निघतो, ती जीप. जीप मुक्कामाला पोचली की हुकमाप्रमाणं माल तयार होतो, तेच प्रथिन. आणि मायक्रो आरएनए म्हणजे क्लीनर. वीस-बावीस अक्षरांचा एवढासा जीव. ना मालकी, ना लायसन, ना टेकायला जागा. पण त्यानं थाप मारली की हुकूम जागच्या जागी अडतो.

“आता आतड्याचं बघा. आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतंय. जुन्या पेशीनं गपगुमान गळून जायचं असतंय. पण काहींना खुर्ची सोडवत न्हाय. अशा पेशी प्राचार्यांसारख्या वाढत जातात. वाढायचा हुकूम घेऊन जीप सुसाट सुटलेली असती आन् तिला थाप मारणारे चांगले क्लीनर त्या दिवशी कामावरच आलेले नसतात. उलट एकवीस नंबरचा एक क्लीनर हाय, त्यो भलत्याच गाडीवर थापा मारतो. बिघडलेल्या पेशीला ‘मर आता’ असं सांगाय निघालेली जीप त्योच अडवून धरतो. झाली गाठ सुरू.”

त्या दिवसापासून सरांनी गावाला नंबर द्यायला सुरुवात केली. मायक्रो आरएनएला नावं नसतात, नंबर असतात, हे त्यांना फार सोयीचं होतं. कॉलेजचा हेडक्लार्क चांगली कामं नेमकी अडवायचा, म्हणून तो एकवीस. अव्वा एकशे त्रेचाळीस आणि मी एकशे पंचेचाळीस. “ह्या दोघी गुणसूत्रावर एकमेकीला लागून राहतात,” सर म्हणाले, “लई गुणाच्या. गाठीला आवर घालणाऱ्या. पण आतड्यात गाठ धरली की दोघी एकदमच मुक्या होतात.” अप्पांना नंबर नव्हता. सर म्हणायचे, मालकाला नंबर नसतो.

सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एका सकाळी सर हातात रिकामं टमरेल घेऊन संडासातून बाहेर आले आणि परसाच्या मधोमध उभे राहून म्हणाले, “हे रक्त कुणाचं?”

अव्वा भांडी घासत होती, ती थांबली. मी दात घासत होते, मी थुंकले. अप्पा तुळशीपाशी भस्म लावत होते, त्यांनी बोट तिसऱ्यांदा कपाळावरून फिरवलं.

“पांढऱ्या फरशीवर थेंब हायेत. ताजे. माझे न्हाईत, म्या बघूनच बसतो. घरात तिघंजणं हाव. कुणाचं?”

“सकाळी सकाळी काय हो सर हे,” अव्वा पुटपुटली.

“म्हशीचं तर नसंल,” सर म्हणाले, “तिला दार उघडता येत न्हाय.”

अप्पा दुकानात निघून गेले. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात. आमच्याकडं भाडेकरू डॉक्टर होता आणि तोही प्राणिशास्त्राचा. अशानं कोण कबूल होणार?

दुसऱ्या दिवशी सर बाजारातून चुन्याच्या तीन कोऱ्या डब्या घेऊन आले. तंबाखूबरोबर खिशात ठेवतात, तसल्या एवढ्या एवढ्या. प्रत्येकीवर कागद चिकटवून नावं घातली आणि अव्वाच्या हातात दिल्या. “परत्येकानं सकाळचं थोडं-थोडं घालून द्यायचं. डोळ्याला न दिसणारं रक्तबी तपासायच्या पट्ट्या माझ्याकडं हायेत. रक्त म्हणलं की लगेच कॅन्सर न्हाय, मूळव्याधबी असंल. पण मूळव्याध म्हणून नुसतं बसून राहायचं न्हाय.”

अव्वा डब्या घेऊन अशी उभी राहिली, जणू कुणी तिच्या हातात विंचू दिलाय. मी तर ठरवलं होतं, कॉलेज सोडायचं, गाव सोडायचं, जमलं तर जिल्हाही सोडायचा. पण सर ऐकणाऱ्यातले नव्हते. तीन दिवस ते सकाळ-संध्याकाळ ‘डबी, डबी’ करत परसात फिरले. शेवटी गल्लीला कळायच्या आत प्रकरण मिटावं म्हणून आम्ही तिघांनीही डब्या भरून दिल्या. अप्पांनी दिली याचं मला फार नवल वाटलं. त्यांनी ती स्वतःच्या हातानं सरांच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली आणि कधी नव्हे ते हसले.

सरांनी डब्या कॉलेजात नेल्या आणि प्रयोगशाळेची किल्ली आणायला जाताना स्टाफरूमच्या टेबलावर ठेवल्या. तेवढ्यात एकवीस, म्हणजे तो हेडक्लार्क, तळहातावर तंबाखू घेऊन आला. तंबाखू आहे आणि चुना संपलाय, ही आमच्या भागातली मोठीच आणीबाणी. समोर तीन डब्या. त्यानं एक उचलली, अंगठ्यानं टोपण उडवलं आणि सराईतपणे बोट आत घातलं. पुढचं मी पाहिलेलं नाही, पण त्याचा आवाज आम्ही रसायनशास्त्राच्या वर्गात ऐकला. तो नळाखाली हात धरून अर्धा तास उभा होता. सर आले, डबीवरचं नाव वाचलं आणि शांतपणे म्हणाले, “नशीब, अप्पांचीच हाय. बाकीच्या दोघी आब्रूदार हायेत.” त्यानंतर एकवीसनं सरांची एकही फाइल अडवली नाही.

संध्याकाळी सर परसात आले. अप्पा गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होते. अव्वा धार काढायला बसली होती आणि मी चरवी घेऊन उभी होते.

“अप्पा, तुमचा रिपोर्ट आला. पोट एकदम उत्तम हाय.”

“म्या म्हणलंच हुतं,” अप्पा म्हणाले.

“फकस्त कडबा जरा कमी खात जावा.”

अप्पांच्या हातातली पेंढी तशीच राहिली.

“म्या म्हशीचं शेण मायक्रोस्कोपखाली बघून पीएच.डी. केलेली न्हाय, पर वळखायला येतंय. कडब्याच्या काड्या अशा दिसायल्या जशा पडवीत रचून ठेवल्यात. अव्वांची डबी चांगली, पोरीची चांगली. आन् तुमी म्हशीकडं गेलाव. ज्याला लपवायचंय त्योच म्हशीकडं जातो, अप्पा.”

चोराच्या मनात चांदणं तसं ते चांदणं पडलं. अप्पांनी पेंढी फेकली. “माझ्या घरात ऱ्हाऊन माझंच उकरायलाव? उद्याच्या उद्या खोली खाली करा! मूळव्याध हाय मला, समजलं? येरमाळ्याच्या ष्टँडावरचा वैदू पुड्या देतो. गुण हाय!”

“किती दिवस झाले पुड्या?”

अप्पा फेकलेली पेंढी उचलायला वाकले. सर अव्वाकडं वळले. “एकशे त्रेचाळीस, तुमी सांगा. धोतरं तुमीच धुताव.”

अव्वानं म्हशीच्या आचळावरचा हात काढला. शेवटची धार तांब्याबाहेर सांडली होती. ती खाली बघून म्हणाली, “वरीस व्हत आलं. आधी कधीमधी हुतं. आता रोज हाय.” मग जणू सगळं एकदमच सांगून टाकावं तशी बोलत गेली. चैत्रात येरमाळ्याला येडाईच्या यात्रेत ती चुन्याचे खडे वेचून वाहायला गेली होती. यात्रेत सगळेच पाच-पाच खडे वेचतात, हिनं ओटी भरून वेचले. पण देवीपुढं उभं राहिल्यावर तिला दुखण्याचं नाव घेववेना. “त्यांच्या त्या दुखण्याला उतार पडू दे, एवढंच म्हणलं.”

“अवो, देवीला तरी नाव सांगायचं व्हतं!” सर ओरडले. “तिला काय कळावं, गुडघा का डोळा? तुमी मुक्या ऱ्हायलाव म्हणून ते वाढायलंय! अप्पा, सोलापूरला चला, दुर्बिणीनं आतडं तपासून घेऊ!”

“साकु!” अप्पा कन्नडात ओरडले, म्हणजे पुरे. “न्हाय यायचं मला कुठं. ह्या वयात खालून दुर्बीण घालून घेऊ? गळ्यात लिंग हाय माझ्या! मेलो तर मेलो, पर इज्जतीनं मरंन. आन् तुमी...”

त्याच वेळी अव्वा उठली आणि गोठ्याच्या पत्र्यावर तिनं हातानं अशी एक थाप मारली की म्हैस दावं तोडून पळायच्या बेतात आली.

“बास,” अव्वा म्हणाली. “आता जायाचं.”

मीच काय, लग्नापासून गल्लीनंही अव्वाला अप्पांचं बोलणं मधे तोडताना पाहिलं नव्हतं. अप्पा तोंड उघडं ठेवून तिच्याकडं बघत राहिले. पत्रा बराच वेळ घुमत होता. शेवटी अप्पांना कुठं तरी जिंकायचं होतंच, म्हणून ते सरांकडं बोट दाखवून म्हणाले, “जातो. पर माझी दुर्बीण झाली की ह्यांनी खोली सोडली पायजे. शब्द द्या.”

“दिला,” सर म्हणाले.

सोलापूरच्या डॉक्टरांनी आधी तपासून पोट साफ करायचं औषध दिलं. ते भरपूर पाण्यात कालवून दिवसभर प्यायचं होतं आणि संध्याकाळी गाडीनं सोलापूरला मुक्कामी जायचं होतं. तो दिवस आमची गल्ली अजून विसरलेली नाही. अप्पा आत, आणि सर संडासाच्या दारात तेलाचा डबा पालथा घालून बसलेले.

“अप्पा, रंग सांगा!”

आतून नुसता पाणी ओतल्याचा आवाज.

“लाजू नका, रंग सांगा. त्याशिवाय पुढचा गिलास न्हाय.”

“मातकट,” आतून पडलेला आवाज यायचा.

“अजून दोन गिलास!”

दुपारपर्यंत शेजारणी गच्चीवर जमल्या होत्या. चारच्या सुमाराला आतून अप्पा स्वतः होऊन म्हणाले, “पिवळं पाणी. साफ पाणी.” सर डब्यावरून उडी मारून उठले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. गच्चीवरच्या बायकांनाही वाटलं काहीतरी चांगलं घडलंय, त्यांनीही वाजवल्या. अप्पा बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगात त्राण नव्हतं, पण सरांच्या खांद्यावर हात ठेवूनच ते गाडीपर्यंत गेले.

दुर्बिणीत डाव्या बाजूला गाठ सापडली. तुकडा तपासला, कॅन्सरच निघाला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, पसरलेला दिसत नाही, ऑपरेशन करू. अव्वा भिंतीला टेकून खाली बसली. मला सरांचे सगळे नंबर पाठ होते, परीक्षेत त्यावर चांगले मार्कही पडले होते, पण त्या क्षणी एकाही नंबरचा मला उपयोग झाला नाही. अप्पांनी फक्त विचारलं, “किती आतडं कापताव?” डॉक्टरांनी वीतभर दाखवलं. अप्पा म्हणाले, “माप नीट करा. तुमची वीत मोठी दिसायली.”

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा सर दवाखान्याच्या जिन्यात बसले होते. मी चहा घेऊन गेले, तर रडत होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, “सर, डॉक्टर म्हणालेत ना, होईल सगळं नीट.” त्यांनी चहा घेतला, प्यायला नाही.

“माझ्या आईला हेच झालतं,” ते म्हणाले. “सोनारीत. लोक म्हणले मूळव्याध, ती मूळव्याध धरून चालली आन् त्यातच गेली. आन् म्या तवा तिकडं लॅबमधी. ह्याच रोगाच्या गाठीचे तुकडे नळीत घालून कोणता आरएनए वाढलाय, कोणता घटलाय, मोजत बसलेलो. नळीवर नुसता नंबर. माणूस कोण, ठावं न्हाय. दर सुट्टीला घरी जायचो. ती भाकरी करून घालायची आन् सांगायची न्हाय. पोराला असलं कसं सांगायचं म्हणून. म्याबी कधी इचारलं न्हाय. आईला असलं कसं इचारायचं म्हणून.”

मग त्यांनी शर्टाच्या बाहीला नाक पुसलं. “लॅबमधी तुकडा येतो तवा लई उशीर झालेला असतो. म्हणून आता म्या आधीच इचारतो. सगळ्यास्नी.”

थोड्या वेळानं डॉक्टरांनी काढलेली गाठ बरणीत घालून दाखवायला आणली. अव्वानं तोंड फिरवलं. सर बरणी उजेडाकडं धरून तिच्याशी बोलले, “काय एकवीस, निघालाव का? बसा आता फॉर्मेलिनमधी.” डॉक्टरांनी मला हळूच विचारलं, “हे पेशंटचे कोण?” मी म्हटलं, “भाडेकरू.”

अप्पा बरे होऊन घरी आले त्या दिवशी सरांनी ट्रंक सायकलवर बांधली. अप्पा ओसरीवर उशीला टेकून बघत होते. मला वाटलं आता अडवतील, अव्वालाही वाटलं. पण व्यापाऱ्यानं दिलेला आणि घेतलेला शब्द, दोन्हीकडून अडचण. अप्पा नुसते म्हणाले, “चाळणी ऱ्हायली तुमची.” सर म्हणाले, “ती अव्वांची हाय.” आणि ते बेडकाची पिल्लं बादलीत घेऊन ष्टँडामागच्या गल्लीत राहायला गेले.

ती खोली अप्पांनी परत कुणाला दिली नाही. विचारायला आलेल्यांना सांगायचे, पत्रा गळतो. आणि अंगात जोर आल्यावर ते रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी काठी टेकत ष्टँडामागच्या गल्लीत जायला लागले. सरांच्या दारापुढं उभे राहून, आयुष्यभर इज्जत इज्जत करणारे माझे अप्पा, शेजारपाजार उठेल अशा आवाजात सांगायचे, “सर! साफ झाली हो!” आतून सर विचारायचे, “रंग?” आणि अप्पा रंग सांगायचे. मग दोघं चहा प्यायचे.

सर निवृत्त होऊन सोनारीला गेले तेव्हा हेच फोनवर सुरू झालं. मी इथंच शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते, सासर दोन गल्ल्या सोडून, त्यामुळं सकाळी अप्पांकडं डोकावलं की हा कार्यक्रम कानावर पडायचाच. शेवटचं वाक्य ठरलेलं: “पोरीला सांगा, घरात एकाला झालं की लेकरांनी वेळेत दुर्बीण करून घ्यायची असती.” अप्पा निरोप द्यायचे, मी ‘बघू’ म्हणायचे. मधे ह्या बारक्या आरएनएच्या शोधाला जगातलं सगळ्यात मोठं बक्षीस मिळाल्याची बातमी आली. सरांनी देवळापुढं पेढे वाटले, ते माकडांना. म्हणाले, “माणसं इचारायली, तुमाला मिळालं का? न्हाय म्हणलं तर पेढा घेईनात. माकडांनी काय इचारलं न्हाय.”

अप्पा गेले ते आतड्यानं नाही. पिकल्या वयात, दुकानाच्या गादीवर दुपारचे कलंडले ते उठलेच नाहीत. सर सोनारीहून आले, मातीच्या वेळी त्यांनी बेलाची पानं वाहिली आणि परत गेले. त्या दिवशी पहिल्यांदाच मयताच्या घरी त्यांनी कुणाला काही विचारलं नाही.

चार दिवसांनी सकाळी अप्पांचा फोन वाजला, नेहमीच्याच वेळेला. अव्वानं फोनकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी उचलला. पलीकडं नुसती माकडं ओरडलेली ऐकू येत होती.

“सवय,” सर म्हणाले. “हात आपसूक गेला.”

“असू द्या सर.”

मग घसा साफ करून त्यांनी मला, जन्मात पहिल्यांदा, विचारलं, “साफ झाली का?”

“झाली, सर.”

“बरं. आता दुर्बिणीचं कवा? ‘बघू’ म्हणू नका. उगं डबी पाठवूनबी भागायचं न्हाय.”

“म्हैस तर कवाच विकली, सर,” मी म्हणाले.

सर हसायला लागले. हसता हसता रडायला लागले, आणि इकडं मीही. अव्वा दारात उभी राहून विचारत होती, काय झालं, काय म्हणतेत.

“सोमवारी सोलापूरला येतो म्या,” सर म्हणाले. “तुमी निघा. आन् अव्वाला बरोबर घ्या. थाप मारायला कुणीतरी लागतंयच.”